आधी मोजा, मग कमी करा : इंदूरच्या स्वयंपाकघरात कॅलरी मोजून सावकाश वजन उतरवण्याची रीत

वजन उतरवायचं ठरलं की आपल्याकडे क्रम नेमका उलटा लागतो. सोमवारी भात बंद, मंगळवारी साखर बंद, बुधवारी मोबाइलमध्ये अ‍ॅप, आणि शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, सगळंच माफ. दोन आठवड्यांनी काटा जागचा हललेला नसतो. मग निष्कर्ष ठरलेला : 'आमच्या अंगालाच लागतं हो, मोजून काही होत नाही.' खरं तर मोजणं झालेलंच नसतं. पोळ्या मोजलेल्या असतात, पोळीवरचं तूप नाही. पोहे मोजलेले असतात, वरची शेव नाही.

खालच्या रीतीत एकही पदार्थ बंद नाही. फक्त क्रम सुलटा केला आहे : जे चाललंय ते आधी मोजायचं, आणि मग त्यातलं थोडं कमी करायचं. टप्पे गाळू नका. त्यातही दुसरा टप्पा तर मुळीच नाही, कारण सगळे तोच गाळतात.

सुरू करण्याआधी

गरोदरपण, बाळ अंगावर पीत असणं, १८ वर्षांखालचं वय, किंवा खाण्यावरून पूर्वी मानसिक त्रास झालेला असणं, यांपैकी काही असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर खाणं कमी केल्यावर डोसही बदलावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली येते. म्हणून डॉक्टरांना आधी सांगा, मग सुरू करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पुढे प्रथिनांबद्दल जे लिहिलं आहे ते विचारल्याशिवाय करू नका.

उद्दिष्ट छोटं ठेवा. पहिला मुक्काम म्हणजे आजच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो. याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि फार झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांत पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. कंबरही मोजून ठेवा : भारतीयांमध्ये पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की ती धोक्याच्या बाजूला धरतात.

टप्पा १ : सामान

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. त्याला शून्य करायचं बटण हवंच, म्हणजे ताट ठेवून शून्य, भात वाढून आकडा, पुन्हा शून्य, आमटी वाढून आकडा, असं एकाच ताटात मोजता येतं. मापाचे चमचे घ्या, ५ मिलिलिटरचा आणि १५ मिलिलिटरचा. घरातल्या 'चमचा' नावाच्या वस्तूवर विश्वास ठेवू नका. चहाच्या साखरेचा चमचा, पोहे खायचा चमचा आणि फोडणीची पळी, तिघांनाही आपण चमचाच म्हणतो.

शिवाय एक वही किंवा अ‍ॅप, माणसाचं वजन करायचा काटा आणि शिंप्याची मोजपट्टी.

आता एक काम अर्ध्या तासात उरका. रोजच्या वापरातली भांडी, म्हणजे कुकर, त्यातले डबे, कढई, वरणाचं पातेलं, सगळी रिकामी वजन करा आणि यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. टप्पा ३ या यादीवर चालतो. ती नसेल तर भाजीसकट कढई मोजून हाती काहीच लागत नाही.

*तपासणी :* काट्यावर मापाचा पेला ठेवून शून्य करा आणि १०० मिलिलिटर पाणी ओता. १०० ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. खूप फरक दिसला तर आधी सेल बदला.

टप्पा २ : दहा दिवस नुसतं लिहा

काहीही कमी करू नका. रोजचंच खा, आणि सगळं लिहा.

सुरुवात शनिवारी करा. सोमवारचा मुहूर्त हवाच असतो लोकांना, पण शनिवारी सुरू केलं तर दहा दिवसांत दोन शनिवार आणि दोन रविवार येतात, आणि इंदूरकराचं खरं खाणं त्या चार दिवसांत कळतं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि तेही लिहा.

रात्री आठवून लिहायचं नाही. खाण्याआधी लिहा, फार तर ताटावरून उठताना. रात्रीच्या आठवणीत जेवण असतं, पण पुढच्या गोष्टी कधीच नसतात :

- मीठ बघायला घेतलेले दोन घास, आणि तिसरा सहज
- मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी
- डबा उघडून उभ्या-उभ्या तोंडात टाकलेली मूठभर शेव
- कचेरीतला तिसरा आणि चौथा चहा
- देवळातला पेढा, शेजारच्यांकडचा वाढदिवसाचा केक
- उपासाचा दिवस, कारण 'आज काही खाल्लंच नाही'

उपासाचा हिशेब एकदा करूनच बघा. साबुदाणा ७५ ग्रॅम (२६२ कॅलरी), दाण्याचं कूट २५ ग्रॅम (१४२), तूप १० ग्रॅम (९०), बटाटा ५० ग्रॅम (३८). एका बशीचे ५३२ झाले, आणि त्यात प्रथिनं नावापुरतीच. संकष्टीला वजन उतरतं या समजुतीला वहीत आधार सापडणार नाही.

*सावधान :* मोजायला लागलं की माणूस आपोआप कमी खातो. या दहा दिवसांत वजन उतरलं तर तुमचं रोजचं खाणं वहीतल्या सरासरीपेक्षा जास्त आहे असं समजा.

टप्पा ३ : शिजलेलं अन्न मोजायची रीत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू या.

पहिली चूक, कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात. तोच तांदूळ शिजून पाणी पितो आणि अडीच-तीन पट जड होतो, त्यामुळे १०० ग्रॅम भातात १२०-१३० च्या घरात उरतात. ताटातला भात मोजून त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावला तर हिशेब तिपटीने फुगतो. उलट केलं तर तितकाच आक्रसतो.

दुसरी चूक, अ‍ॅपमधली 'एक वाटी डाळ'. कोणाची वाटी? कुठली डाळ, किती पातळ, वर फोडणी कसली? अशा नोंदी बऱ्याचदा वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. अ‍ॅपमध्ये फक्त कच्चे जिन्नस ग्रॅममध्ये शोधा, बाकी बेरीज आपली आपण करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले आहेत, तेही उपयोगी. फक्त त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. आकडा चौपट दिसला म्हणून दचकू नका, ४.१८४ ने भागा.

रोजच्या स्वयंपाकाला पुढचे गोळाबेरीज आकडे पुरतात. सगळे १०० ग्रॅम कच्च्या जिनसाचे :

- गव्हाचं पीठ, डाळी : ३४०
- तांदूळ, पोहे, साबुदाणा : ३५०
- शेंगदाणे : ५७०
- शेव : ५५० च्या आसपास
- तेल, तूप : ९००
- साखर : ४००, गूळ : ३८०
- बटाटा : ७५
- पालेभाज्या, दुधी, गिलकी, कोबी, टोमॅटो, काकडी : १५ ते ३०

शेवटच्या ओळीतल्या भाज्या मोजत बसू नका. दुधी ५० ग्रॅम इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. तेल ५ ग्रॅम इकडेतिकडे झालं तर ४५ कॅलरींचा फरक पडतो, आणि तो दिवसातून चार वेळा पडतो.

आता प्रत्यक्ष रीत, तुरीच्या आमटीवर :

१. कच्ची डाळ मोजा : १५० ग्रॅम, ५१० कॅलरी.
२. फोडणीचं तेल : १५ ग्रॅम, १३५. गूळ १० ग्रॅम, ३८. एकूण ६८३.
३. आमटी झाल्यावर पातेल्यासकट वजन करा आणि दारावरच्या यादीतलं रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा. समजा ९०० ग्रॅम आमटी उरली.
४. ६८३ ला ९०० ने भागा. १०० ग्रॅमला ७६ कॅलरी.
५. तुमच्या वाटीत १८० ग्रॅम मावत असेल तर एका वाटीचे १३७.

हा दर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. घरात आलटून-पालटून पंधरा-वीसच पदार्थ होतात. प्रत्येकाचा दर एकदा निघाला की महिन्याभरात मोजायचं काम निम्म्याने उतरतं, कारण रोज फक्त वाटी काट्यावर ठेवायची असते. कोणी आमटी नेहमीपेक्षा फार पातळ किंवा दाट केली तरच नवा हिशेब.

*तेल मोजायची सोपी युक्ती :* कढईत ओतताना मोजायला जाऊ नका. तेलाची बरणी काट्यावर ठेवा, शून्य करा, स्वयंपाक उरका, बरणी परत ठेवा. काट्यावर उणे ३८ दिसलं की ३८ ग्रॅम तेल गेलं. स्वयंपाक दुसरं कोणी करत असेल तर त्यांना काहीच वेगळं करायला लावू नका, फक्त बरणी परत काट्यावर ठेवा म्हणा. सासूबाईंना 'तेल कमी घाला' सांगण्यापेक्षा हे फार सुखाचं पडतं.

तळणालाही हेच. तळणीआधी कढईतलं तेल मोजा, गार झाल्यावर उरलेलं मोजा. कमी झालेलं तेल पुऱ्यांच्या पोटात गेलं असं धरून पुऱ्यांच्या संख्येने भागा.

पोळीचा हिशेब : ३०० ग्रॅम पिठाच्या १० पोळ्या झाल्या तर एकीत पीठ ३० ग्रॅम, म्हणजे १०२. घडीत लावलेलं अर्धा चमचा तेल २०, वरून अर्धा चमचा तूप २२. एकूण १४४. एका पोळीत जो ४२ चा फरक दिसत नाही, तो तीन पोळ्यांना १२६ होतो, जवळजवळ एक जास्तीची पोळी.

बाफल्याचंही, म्हणजे कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्याचंही, एकदा करा. भाजलेला बाफला तुपात बुडवण्याआधी काट्यावर ठेवा, बुडवून निथळल्यावर पुन्हा ठेवा. मधला फरक म्हणजे निव्वळ तूप. ७० ग्रॅम पिठाच्या बाफल्याने १५ ग्रॅम तूप प्यायलं तर २३८ आणि १३५ मिळून ३७३. डाळ अजून यायची आहे. हे वाचून बाफले सोडायचे नसतात. दोन खायचे की तीन, एवढंच जाणून ठरवायचं असतं.

*तपासणी :* आजवर तुम्ही कुठल्याही दोन पदार्थांचा १०० ग्रॅमचा दर स्वतः काढलेला नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ४ : आपला आकडा काढा

दहा दिवसांची सरासरी हाताशी आहे. तिला एका सूत्राने पडताळा :

१० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेंटिमीटर) − ५ × वय. पुरुषांनी त्यात ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. ही झाली स्वस्थ पडून असताना शरीराला लागणारी ऊर्जा. दिवसभर बसून काम असेल तर तिला १.२ ने गुणा. घरकाम आणि रोजचा फेरफटका असेल तर १.३७५ ने.

एक उदाहरण. बेचाळीस वर्षांची बाई, वजन ६८ किलो, उंची १५७ सेंटिमीटर, नोकरी बसून, पण सकाळी नियमाने चालणं आहे. ६८० + ९८१ − २१० − १६१ = १२९०. गुणिले १.३७५, म्हणजे साधारण १७७५. त्यातून ३०० ते ४०० वजा करायचे. दिवसाला १४०० धरू.

एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी असतात. रोजची ३७५ ची तूट म्हणजे आठवड्याला सुमारे २६००, म्हणजे तिसरा हिस्सा किलो. प्रत्यक्षात वेग पुढे आणखी मंदावतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. म्हणून दर चार-पाच किलो उतरल्यावर सूत्र पुन्हा मांडा.

*सावधान :* डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये. सूत्र आणि वही यांत ३००-४०० चा फरक पडला तर वहीत काहीतरी सुटलंय असं आधी धरा. 'माझं चयापचयच मंद' हे कारण सगळ्यात शेवटी.

चालणं या गुणाकारात आलं आहे. मनगटावरच्या घड्याळाने '२८० जळाले' दाखवलं म्हणून तेवढे परत खायचे नाहीत. घड्याळं उदार असतात.

टप्पा ५ : दिवसाचं नव्हे, आठवड्याचं खातं

रोज १४०० म्हणजे आठवड्याला ९८००. खरा आकडा हा. रविवारी १९०० आणि शनिवारी १६०० हवे असतील तर उरले ६३००, पाच दिवसांना १२६० प्रमाणे. जमतं. शनिवारचे १६०० तसेच ठेवून रविवारी २५०० हवे असतील तर बाकीचे पाच दिवस १२०० च्या खाली जातात. म्हणजे ते जमत नाही, आणि ते शनिवारीच कळतं.

लवचीकपणा एवढाच : रक्कम ठरलेली, खर्च कधी करायचा ते आपल्या हातात. 'आज बिघडलं, आता सोमवारपासून' या वाक्याला यात जागाच नाही. बुधवारी ३०० जास्त गेले तर गुरुवार ते शनिवार १००-१०० कमी. दुसऱ्या दिवशी निराहार राहून भरपाई करू नका. त्याचं रात्री काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एकाच आकड्यावर अडून बसू नका. ठरलेल्याच्या १०० वर किंवा १०० खाली, दोन्ही बरोबर.

टप्पा ६ : नेमकं कुठून कमी करायचं

आता, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात, पहिली काटछाट. वही उघडा आणि ज्या नोंदींनी ना पोट भरलं ना जिवाला बरं वाटलं, त्या शोधा. क्रम साधारण असा लावा.

आधी चहा. ६ टक्के फॅटचं दूध ७५ मिलिलिटर आणि दोन चमचे साखर, म्हणजे एका कपाचे सुमारे १०५. चार कप म्हणजे ४२०. तेच ३ टक्क्यांचं दूध आणि एक चमचा साखर असेल तर ६४, चार कपांचे २५६. दिवसाला १६० च्या वर वाचले आणि चहा एकही सुटला नाही. दुधाच्या पिशवीवर फॅट छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

मग फोडणी. कुटुंबाला रोज किती तेल जातं ते बरणीने सांगितलंच आहे. एकदम निम्मं करू नका, भाजी कोणीच खाणार नाही. आठवड्याला पाच-पाच ग्रॅमने उतरवा.

मग शेव. इंदूरच्या घरात शेव हा पदार्थ नसून सवय आहे. पोह्यांवर, वरणावर, भाजीवर, आणि काहीच नसेल तर नुसतीच. बंद करू नका. डब्यातून थेट खाणं तेवढं बंद करा. लहान वाटी काट्यावर ठेवा, १५ ग्रॅम काढा, डबा फडताळात. १५ ग्रॅमचे ८० च्या आसपास होतात.

पोळी-भात सगळ्यात शेवटी, आणि गरज पडली तरच. लोक तिथूनच सुरू करतात, म्हणून चार वाजता भुकेने शेवेचा डबा उघडतात.

कमी करताना एक गोष्ट मात्र वाढवायची, ती म्हणजे प्रथिनं. वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम धरा. शाकाहारी ताटात ती आपोआप येत नाहीत. ३० ग्रॅम कच्च्या डाळीची वाटी ६-७ ग्रॅम देते, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, पाव लिटर दूध ८, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या १५, एक अंडं ६. आमटीच्या एका वाटीच्या दोन करा, सकाळच्या पोह्यांबरोबर वाटीभर दही किंवा मोडाची मटकी घ्या. भूक आवरायला याइतका दुसरा उपाय नाही. आणि आठवड्यातून दोनदा जोर-बैठका, वजन उचलणं, काहीही चालेल, म्हणजे उतरेल ते मुख्यतः चरबीतून उतरेल.

टप्पा ७ : पोहे-जिलबी आणि सराफा

बाहेरचं खाणं अचूक मोजता येत नाही. तशी गरजही नाही. चूक झाली तर जास्तीच्या बाजूला व्हावी, एवढं पाहा.

ठेल्यावरच्या पोह्यांना उगाच बदनाम केलंय. ते वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे घरच्या कांदेपोह्यांपेक्षा त्यात तेल जास्त असेलच असं नाही. आकडा वाढतो तो वर पडणाऱ्या शेवेने आणि शेजारच्या जिलबीने. एकदा पार्सल घरी आणा. शेव वेगळ्या पुडीत देतात, ती मोजा, पोहे वेगळे मोजा, जिलबी वेगळी. घरच्या पोह्यांचा १०० ग्रॅमचा दर पोह्यांना लावा, जिलबीला १०० ग्रॅममागे ४०० धरा. जिरावन मसाला कितीही भुरभुरवा, त्याचा हिशेब नको. हे एकदा केलं की नेहमीच्या ठेल्याचा आकडा कायमचा हाताशी राहतो. अर्धी शेव आणि एक जिलबी हा सौदा बहुतेकांना परवडतो.

सराफ्याला जाताना पुढचं करा :

१. निघण्याआधीच वहीत ५०० किंवा ६०० लिहून टाका. परत आल्यावर लिहू म्हणणारे लिहीत नाहीत.
२. दिवसभर उपाशी राहू नका. सात वाजता आमटी, कोशिंबीर, एक पोळी असं हलकं जेवून निघा. सराफांची दुकानं बंद होऊन तिथे ठेले लागेपर्यंत रात्र झालेली असते, आणि रिकाम्या पोटी माणूस पहिल्याच ठेल्यावर हरतो.
३. दोन पदार्थ ठरवा, आणि चौघांत वाटून घ्या. गराडू (तळलेला कंद) किंवा भुट्ट्याचा कीस यातलं एक, गोडाचं एक. पदार्थाची चव पहिल्या चार घासांतच असते.
४. शिकंजी लिंबूपाणी समजून पिऊ नका. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट, साखर आणि सुक्या मेव्याची. तिला रबडीच्या रांगेत बसवा.

ढोबळ माप असं : तळव्यात मावणारं तळलेलं किंवा गोड २००, भरलेली प्लेट ४००, लग्नातलं जेवण १०००. नमकीनच्या पाकिटावर आकडा असतो, पण तो १०० ग्रॅमचा आहे की 'एका सर्व्हिंग'चा ते पाहा. सर्व्हिंग ३० ग्रॅमचं असतं आणि पाकीट २०० चं.

*सावधान :* सराफ्याच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसेल. ते मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न. खरी किलोभर चरबी व्हायला ७७०० जास्तीच्या कॅलरी लागतात, तेवढं एका रात्रीत कोणी खात नाही. सराफ्यातसुद्धा.

टप्पा ८ : काटा वाचायला शिका

रोज वजन करा, पण रोजच्या आकड्याकडे पाहून काही ठरवू नका. सात दिवसांची बेरीज करून सरासरी काढा, आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. पाळीच्या आधी शरीर पाणी धरतं, म्हणून स्त्रियांनी या महिन्याचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडावा. कंबर पंधरा दिवसांतून एकदा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून.

सलग तीन-चार आठवडे सरासरी हलली नाही तर याच क्रमाने जा :

पहिल्यांदा चार दिवस पुन्हा सगळं काट्यावर. अंदाजाने वाढलेली वाटी हळूहळू मोठी होत जाते, तेल परत बरणीतून थेट पडायला लागतं. बहुतेकांचं उत्तर इथेच सापडतं. मोजमाप चोख निघालं तर सूत्र नव्या वजनाने मांडा. त्यानंतरच दिवसाला १०० ते १५० कमी करा, किंवा पिपल्यापाला बागेत नाहीतर नेहरू पार्कात २०-३० मिनिटं जास्त चाला. दोन्ही एकाच आठवड्यात नको, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.

चक्कर, सतत थंडी वाजणं, मूठभर केस गळणं, पाळी चुकणं, चिडचिड आणि रात्री झोप न येणं, यातलं काही दिसलं तर तूट जास्त झाली आहे. आकडा वाढवा, आणि डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ९ : मधली सुटी, आणि मोजणं सोडणं

आठ ते बारा आठवड्यांनी एक-दोन आठवडे तूट बंद ठेवा. म्हणजे मोकाट खाणं नव्हे, वजन टिकेल तेवढं. वरच्या उदाहरणातल्या बाईंचं वजन ६४ झालं तर तो आकडा १७२० च्या आसपास येतो. ही सुटी पंचांग पाहूनच लावा. गणपतीत उकडीचे मोदक आणि दिवाळीत चकल्या-करंज्या समोर असताना तूट राखायचा अट्टहास कशाला? तूट या सणांच्या आधी आणि नंतर चालू द्या. फराळाचे डबे भरतानाच एका चकलीचं, एका करंजीचं वजन करून दर वहीत टाका, दिवाळीत काटा बाहेर काढावा लागणार नाही.

ठरवलेल्या वजनावर पोचलात की रोजचा आकडा एकदम ३०० ने वाढवू नका. आठवड्याला १०० ने वाढवा आणि सरासरी स्थिर होईपर्यंत पाहत राहा. त्यानंतर अन्नाचा काटा कपाटात ठेवायला हरकत नाही. सकाळचं वजन मात्र आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. सरासरी ठरलेल्या वजनाच्या दोन किलो वर गेली की काटा खाली काढा, दहा दिवस नुसतं लिहा, आणि सुरुवात तेलाच्या बरणीपासून करा.